अंगणवाडीची आणेवारी आपणच काढू

(वर्धा जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर सकाळी दोन तास चर्चा झाली. जेवणानंतरची वेळ माझ्या वाट्याला आली आहे, तेव्हा झोप येणाऱ्यांनी मागे भिंतीला टेकून बसावे, माझी हरकत नाही. पत्रिकेवर माझा विषय लिहिला आहे, 'लहान मुलांची सोय व तिची तपासणी'. तो वाचून दोघा-तिघांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "भाऊ, हा विषय बायांच्या बैठकीत घ्या. इथं कापूस-ज्वारीचं बोला." मी कापसाचेच बोलणार आहे. दिवाळीपासून संक्रांतीच्या पुढेपर्यंत तुमचा कापूस ज्या हातांनी वेचला जातो, त्या हातांच्या लेकरांचे काय होते, हा कापसाचाच प्रश्न आहे.

आधी आणेवारीबद्दल बोलू, कारण ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते. पन्नास पैशांच्या वर आकडा गेला की गाव सुकाळातले, खाली आला तर टंचाईतले. वावरात पऱ्हाटी गुडघ्याएवढी आणि कागदावर पैसेवारी पन्नासच्या वर, हे आपण किती वेळा पाहिले! आपण मोर्चे काढले ते कशासाठी? पीक मोजूच नका, असे आपण कधी म्हटले नाही. नीट मोजा, आमच्या समोर मोजा, कोणते वावर मोजायचे ते मर्जीने ठरवू नका, एवढेच आपले म्हणणे होते.

आता गावातल्या अंगणवाडीकडे बघा. तिचीही आणेवारी निघते. पटावर मुले किती, हजर किती, आहार किती जणांना दिला, वजने किती जणांची झाली, 'साधारण' श्रेणीत किती. पूर्वी हे रजिस्टरात भरायचे, पुढे मोबाइलमध्ये भरायचे झाले. २०२१ मध्ये आपल्या राज्यातल्या सेविकांनी ते मोबाइल परत नेऊन दिले, कारण ज्या भाषेत त्या दिवसभर काम करतात ती भाषा त्या यंत्राला येत नव्हती. पण यंत्र चांगले असते तरी माझा प्रश्न शिल्लकच राहिला असता. हे सगळे आकडे वावरात टाकलेल्या खताचे आहेत. किती गाड्या शेणखत टाकले, किती वेळा डवरले, किती वेळा निंदले. उतारा किती आला? अंगणवाडी असल्यामुळे गावातली लेकरे किती वाढली, काय शिकली, हे त्या रजिस्टरात कुठे सापडत नाही.

ही अंगणवाडी परक्याची वस्तू नाही, हेही सांगून ठेवतो. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी सुरू झाली, हे खरे. पण कल्पना आपल्या मातीतली. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि नई तालीम जन्मली. १९४५ च्या जानेवारीत सेवाग्रामला पुन्हा विचार झाला, तेव्हा सात वर्षांच्या आतल्या मुलाचाही त्यात समावेश झाला. त्याला पूर्व-बुनियादी म्हणत. शांताताई नारुळकरांनी ते काम सेवाग्रामात उभे केले. त्याच साली तिकडे ठाणे जिल्ह्यात बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ कामाला लागल्या. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर ताराबाईंनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. मूल येत नसेल तर आपण त्याच्या अंगणात जायचे, हा त्या शब्दाचा अर्थ. आज मूल येत नसेल तर पटावर गैरहजेरी लागते आणि विषय संपतो.

आता मोजायचे कसे? कृषी पदवी घेतलेल्या कुणालाही 'पानसे-सुखात्मे' म्हटले की घाम फुटतो. शेतीच्या संख्याशास्त्राचे ते पुस्तक १९५४ साली निघाले आणि आमच्या कित्येक पिढ्या त्यावर परीक्षा देत आल्या. विनायक पानसे कापसावर काम केलेले शास्त्रज्ञ. पांडुरंग सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. पिकाचा अंदाज नजरेने बांधायच्या जुन्या पद्धतीऐवजी चिठ्ठी टाकून वावर निवडायचे, त्यात मोजून चौकोन आखायचा, तेवढेच कापायचे आणि तोलायचे, ही पीक कापणीची पद्धत देशात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत आकडेवारीचे प्रमुख झाले, रोमला जवळजवळ वीस वर्षे होते. पुण्याला परतल्यावर त्यांनी हात घातला भुकेच्या मोजमापाला. पिके मोजणारा माणूस भूक मोजू लागला, मला हे फार स्वाभाविक वाटते.

तिथे मोठा वाद झाला. सुखात्मे म्हणाले, माणसाची गरज रोज एकसारखी नसते, शरीर कमी-जास्त सांभाळून घेते, म्हणून एक ठरावीक रेघ ओढून तिच्याखालचे सगळे उपाशी असे मोजू नका. वि. म. दांडेकरांनी त्यांना कडाडून विरोध केला. या विचाराच्या आधाराने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एका अमेरिकन अर्थतज्ज्ञाने असेही मांडले की गरिबाचे मूल खुजे असले तरी धडधाकट असू शकते, छोटे पण निरोगी. सुखात्म्यांकडून मी मोजणी शिकलो, त्यांच्याबद्दल मनात आदरच आहे, पण हा निष्कर्ष मला पटत नाही. तुम्हालाही पटू नये. बुटके वाण वेगळे आणि उंच वाणाचे खुरटलेले झाड वेगळे. ज्वारीचे ताट खांद्याला यायला हवे ते कमरेला थांबले, तर "छोटे आहे पण निरोगी आहे" असे म्हणणाऱ्याला तुम्ही धुऱ्यावर उभे कराल काय? कणसावर हात फिरवला की कळते.

म्हणून माप कोणते लावायचे, हा पहिला प्रश्न. नुसते वजन हे फसवे माप आहे. वयाच्या मानाने उंची कमी असेल तर मूल खुरटले, ही कित्येक महिन्यांची, आईच्या पोटातल्या दिवसांपासूनची कमाई. उंचीच्या मानाने वजन कमी असेल तर मूल रोडावले, ही अलीकडची उपासमार किंवा आजारपण. दोन्ही वेगवेगळे. आपल्या राज्याचे आकडे घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची खुरटलेली मुले २००५-०६ मध्ये शंभरात ४६ होती, २०१५-१६ मध्ये ३४ झाली, आणि २०१९-२१ मध्ये ३५. म्हणजे दहा वर्षे उतरण आणि मग पाणी थांबले. आणि रोडावलेली? २००५-०६ मध्ये शंभरात १६-१७, पुढच्या दोन्ही पाहण्यांत २५ च्या वर. एक माप म्हणते बरे चालले आहे, दुसरे म्हणते बिघडले. ज्याला जे सोयीचे तो ते वाचून दाखवतो.

दुसरा प्रश्न तुलनेचा. नवीन बियाण्याच्या प्रात्यक्षिकाला कंपनीचा माणूस तुम्हाला कुठे नेतो? विहिरीजवळच्या काळ्या कसदार वावरात. आणि तुम्ही काय विचारता? शेजारच्या पट्ट्यात जुने वाण किती आले? तो पट्टाच नसेल तर ऐकून घेता आणि चहा पिऊन घरी येता. लेकरांच्या बाबतीत मात्र आपण कुणाला शेजारचा पट्टा विचारत नाही. त्यात एक फसगत अशी होते. गावातली सगळ्यांत अशक्त वीस मुले निवडा, त्यांना काहीही द्या, दोन महिन्यांनी मोजा, काहींची वजने वाढलेली दिसणारच. कारण निवडताना काही जण तापातून, हगवणीतून नुकते उठलेले असतात, ते आपोआप सावरतात. त्यावर फोटो निघतात, सत्कार होतात. ज्यांना काही दिले नाही अशी तशीच वीस मुले शेजारी मोजली असती, तर औषध किती आणि आपोआप किती ते कळले असते.

नीट मोजणी बघायची तर लांब जायला नको. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीला गेले. त्याआधी त्यांचे काम याच जिल्ह्यात, कान्हापूरला. गडचिरोलीत त्यांनी १९९५ ते १९९८ या तीन वर्षांत गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. वजन करणे, ऊब देणे, निमोनिया ओळखणे, वेळ आली तर सुई देणे, हे सगळे त्या बायांनी केले. अशी ३९ गावे. आणि जिथे हे केले नाही, पण जन्म-मृत्यू तितक्याच काटेकोरपणे मोजले, अशी ४७ गावे. सुरुवातीला कामाच्या गावांत हजार जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यातच जात होती, तिसऱ्या वर्षी हा आकडा २५ वर आला. तुलनेच्या गावांत तो साठीच्या आसपासच राहिला. पाऊस दोन्हीकडे सारखा, गरिबी सारखी, रस्ते सारखे. म्हणून फरक कामाचा. १९९९ च्या डिसेंबरात हे 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि २०११ मध्ये देशाने आशाताईंच्या हातून हीच पद्धत घेतली. ४७ गावांचा तो दुसरा पट्टा नसता, तर दिल्लीत कुणी ऐकले नसते.

त्यातली आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. गावातली रोजची नोंद असूनही घरोघर फिरून ती पुन्हा तपासली जात होती. आपल्याकडे २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' अहवाल आला, तेव्हा दिसले की सरकारी कागदावर जेवढे बालमृत्यू, त्याहून प्रत्यक्षात कितीतरी जास्त. लिहिणाऱ्यांनी ते मुद्दाम लपवले, असे मला म्हणायचे नाही. मृत्यू लिहिला की ज्याच्यावर ठपका येतो, त्याच्याच हातात पेन दिले तर काय होणार?

एक उदाहरण परदेशातले देतो. जमैका नावाचे बेट आहे, उसाचे. तिथे १९८६-८७ मध्ये किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांतली १२९ खुरटलेली मुले घेतली, वय नऊ महिने ते दोन वर्षे. चार गट केले. एकाला दुधाचा पूरक आहार, दुसऱ्याच्या घरी आठवड्यातून एकदा बाई जाऊन आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवायची, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला काही नाही. खेळणी घरचीच, टाकाऊ वस्तूंची. दोन वर्षे हे चालले. पुढे वीस वर्षांनी त्याच मुलांना शोधून काढले. ज्यांच्या घरी ती बाई जात होती, त्यांची कमाई इतरांपेक्षा २५ टक्के जास्त निघाली. नुसत्या आहाराचा तसा फरक उरला नव्हता. याचा अर्थ आहार नको असा कुणी काढू नये. पोटात नसेल तर खेळणार कोण? पण खिचडी शिजवून वाटली की अंगणवाडीचे काम झाले, हा समज मोडला पाहिजे. तामिळनाडूत ३२० अंगणवाड्यांचा असाच प्रयोग झाला. काही ठिकाणी अर्ध्या दिवसासाठी आणखी एक बाई नेमली, ती फक्त मुलांना शिकवणार. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांचे अंक-अक्षर सुधारले आणि खुरटलेपणही कमी झाले, कारण जुन्या सेविकेला आहार-आरोग्याकडे बघायला सवड मिळाली. एकाच बाईच्या डोक्यावर आठ कामे ठेवून नववे मागणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आपल्या जिल्ह्यात सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाने २००३ ते २००८ या काळात आंजी, गौळ आणि तळेगाव या तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांखालच्या ६७ गावांत गावसमित्यांच्या हाती बाळ-बाळंतिणीच्या आरोग्याचे काम दिले होते. बचत गट होते, किशोरी पंचायती होत्या, पुरुषांचे किसान विकास मंचही होते. तुमच्यापैकी काही जण त्यात असतील. गावाने करारावर सही करायची आणि गावाने आपला आराखडा करायचा, ही त्यातली रीत मला आवडली. पैसा बाहेरचा होता, तो पाच वर्षांनी संपला. पण गाव स्वतःची यादी स्वतः ठेवू शकते, हे त्यातून शिकलेली माणसे या जिल्ह्यात आहेत. आपल्याला तीच हवी आहेत.

आता वेचणी. अंगणवाडी तीन ते सहा वर्षांच्या मुलाला बसवून घेते, पण दुपारी बंद होते. वेचणारी बाई दिवस कलल्यावर परतते. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तर घरी न्यायचा आहार मिळतो, बसायची जागा नाही. मग ते लेकरू जाते कुठे? एक, वावरात. धुऱ्यावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी. कधी शेजारच्या पट्ट्यात फवारणी चालू असते. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषाने शेतकरी आणि मजूर मेले, ते मोठी माणसे होती. दोन, म्हाताऱ्या सासूजवळ, जिला दिसत नाही. तीन, आठ-दहा वर्षांच्या बहिणीच्या काखेत. ती बहीण शाळेच्या पटावर असते, वर्गात नसते. वेचणी किलोवर असते, हे सगळ्यांना माहीत आहे. पाजायला तीनदा उठणारी बाई कमी किलो वेचते, म्हणून ती उठत नाही. दूध तुटते ते असे.

माझा प्रस्ताव असा आहे. या हंगामात आपल्या आठ तालुक्यांतल्या ज्या शाखा तयार असतील त्यांनी नावे द्यावीत. त्या गावांच्या चिठ्ठ्या टाकू. निम्म्या गावांत यंदा वेचणीचे चार महिने पाळणाघर चालवायचे, उरलेल्यांत पुढच्या वर्षी. चिठ्ठी एका लहान मुलाने सगळ्यांसमोर काढायची, म्हणजे अमक्या पुढाऱ्याच्या गावाला आधी मिळाले असे होणार नाही. दोन्हीकडे वेचणीआधी आणि वेचणीनंतर मोजणी. गावातले सहा वर्षांखालचे प्रत्येक मूल, पटावर असो नसो. पारध्यांच्या बेड्यावरचे, गोंडांच्या वस्तीतले, बाहेरून आलेल्या मजुरांच्या पालावरचे. सोपे तेवढेच मोजले तर ते विहिरीजवळचे वावर झाले.

उंची मोजायला गावच्या सुताराकडून फळी करून घ्या. दोन वर्षांच्या आतले मूल झोपवून, वरचे उभे करून मोजतात. वजनकाटा अंगणवाडीत आहे, तो आधी पाच किलोच्या मापाने तपासून घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला फीत लावायची. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत निघाला, तर तिथे प्रयोग संपला. ते लेकरू कोणत्याही गावचे असो, त्याच दिवशी सेवाग्रामला किंवा जिल्हा रुग्णालयात न्यायचे. या सोबत दोन गोष्टी मोजा, ज्यांना काटा लागत नाही. शाळेच्या हजेरीतून थोरल्या बहिणींचे नोव्हेंबर ते जानेवारीचे दिवस, आणि आईने वेचलेले किलो. मला वाटते फरक आधी इथेच दिसेल. उंचीचा फरक चार महिन्यांत दिसणार नाही. तो दिसला असे कुणी सांगितले तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आणि एका गावाच्या पंचवीस मुलांवरून निकाल लावू नका. एका झाडाची बोंडे मोजून एकराचा उतारा सांगण्यासारखे ते होईल. सगळ्या गावांची बेरीज करूनच बोलू.

मोजणी शेजारच्या गावची माणसे करतील. पाळणाघर चालवणारी बाई किंवा अंगणवाडी सेविका स्वतःचे काम स्वतः मोजणार नाही. आणि एक अट मी घालतो, ती मान्य नसेल तर प्रस्तावच मागे घेतो. हा कागद सेविकेविरुद्ध वापरायचा नाही. २०२३ च्या डिसेंबरात या बाया संपावर गेल्या, सुमारे पन्नास दिवस बसल्या. त्यांचे मानधन, त्यांची कामे, हा त्यांचा लढा आहे. तुम्हाला कमी उतारा आला म्हणून कुणी तुम्हाला आळशी म्हटले तर कसे वाटते ते आठवा.

आक्षेप मला ठाऊक आहे. "हे सरकारचे काम, आपण का करायचे?" सरकारचे आहेच. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ ला सांगितले आहे की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी. किती गावांनी मागणीचा ठराव केला? मुलांची यादी हातात असेल तर ठराव करता येतो. नसेल तर नुसती आरोळी. पाळणाघराचा खर्च मात्र यंदा आपणच करायचा, असे माझे मत आहे. सांभाळणाऱ्या बाईची मजुरी आणि लेकरांचे दूध-केळे-अंडे, एवढाच तो आहे. वेचलेल्या कापसाच्या क्विंटलमागे किती रुपये द्यायचे ते तुम्ही आत्ता ठरवा, पण ते वावरवाल्याने द्यायचे, मजुरणीच्या वेचाईतून कापायचे नाहीत. निश्चिंत मनाने वेचणारी बाई कुणाच्या वावरात वेचते, तुमच्याच ना?

नावे देण्याचा कागद समोर टेबलावर आहे. शाखेच्या नावापुढे गावात जागा कोणती मिळेल, समाजमंदिर की देवळाची ओसरी, तेही लिहा. सीतादही व्हायच्या आधी पहिली मोजणी संपली पाहिजे, म्हणून चिठ्ठ्या आज संध्याकाळीच काढू. सुताराला फळीचे माप देणारा कागद मी आणला आहे, तो प्रत्येकाने एकेक घेऊन जावा.